छपरावरचा सूर्य आणि घरातील साठवण

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा लेखरूप मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल वर्षात धर्म, साहित्य आणि समाजकार्य यांवरील व्याख्यानांच्या जोडीला विजेसारखा निव्वळ व्यावहारिक विषयही समाजबांधवांसमोर यावा, असे संयोजकांना वाटले. त्यांच्या या दृष्टीबद्दल मी प्रथम कृतज्ञता व्यक्त करतो. माझा विषय आहे घराच्या छपरावरील सौरवीज आणि तिची बॅटरीमधील साठवण.

गेल्या काही वर्षांत आपल्या गावांतून आणि शहरांच्या उपनगरांतून फिरताना गच्च्यांवर निळसर-काळ्या पॅनेलच्या रांगा दिसू लागल्या आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्याबरोबरच एक तक्रारही वारंवार कानी येते. "एवढे पैसे घालून सोलर बसवले, पण लाईट गेली की आमच्याही घरात शेजाऱ्यासारखाच अंधार! मग उपयोग काय?" हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात आपण फसवले गेलो ही भावना असते. एखाद्या घरी वृद्ध वडिलांना रात्रभर प्राणवायूचे यंत्र लावावे लागत असेल आणि 'आता सोलर आहे, काळजी नाही' अशा समजुतीत ते कुटुंब निर्धास्त झोपत असेल, तर हा गैरसमज केवळ पैशांपुरता राहत नाही. म्हणून आजच्या व्याख्यानाचा मुख्य भर मी याच प्रश्नावर देणार आहे. सौरवीज कोणते काम करते, बॅटरी कोणते काम करते आणि आपल्या घराला यांपैकी नेमके काय हवे आहे, हे आपण क्रमाने पाहू.

सूर्यकिरणांपासून विजेपर्यंत

प्रकाशापासून वीज निर्माण होऊ शकते हे फ्रेंच शास्त्रज्ञ एदमों बेकरेल यांनी १८३९ मध्ये प्रथम दाखवून दिले. तथापि व्यवहारात उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौरघट तयार व्हायला १९५४ साल उजाडावे लागले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी तो सिद्ध केला. चारच वर्षांनी, १९५८ मध्ये, व्हॅनगार्ड उपग्रहावर सौरघट अवकाशात गेले. त्या काळी ही वीज इतकी महाग होती की पृथ्वीवरील घरासाठी तिचा विचारही कोणी केला नसता. आज तीच वीज सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आली आहे.

दुपारच्या स्वच्छ उन्हात एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॅट इतकी सौरशक्ती पडते. आजचे चांगले पॅनेल त्यांतील साधारण २० ते २२ टक्के भागाचे विजेत रूपांतर करते. बाजारात सर्रास मिळणारे पॅनेल सुमारे अडीच चौरस मीटरचे असून त्याची क्षमता ५४० वॅटच्या आसपास असते. अशी दोन पॅनेले मिळून एक किलोवॅटहून थोडी अधिक क्षमता होते. मधली मोकळी जागा धरून एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट गच्ची लागते.

आपल्या भागात एक किलोवॅटचा संच वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट वीज देतो. म्हणजे तीन किलोवॅटच्या संचापासून दिवसाला बारा आणि वर्षाला चार हजारांहून अधिक युनिट मिळतात. ही सरासरी आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे. मार्च-एप्रिलच्या निरभ्र दिवशी ती ओलांडली जाते आणि आषाढ-श्रावणात ती बरीच खाली येते. आणखी एक गोष्ट अनेकांना आश्चर्याची वाटते. पॅनेलला ऊन हवे असते, उष्णता नको असते. पॅनेल जसजसे तापते तसतसे त्याचे उत्पादन काही अंशी घटते. म्हणूनच पॅनेलखालून वारा खेळता राहावा यासाठी ते छपरापासून उंचावर बसवतात.

वीज गेली की सोलर का थांबते?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आज घरोघरी बसणारे बहुतेक संच 'ऑन-ग्रिड' म्हणजे वीज कंपनीच्या तारांशी जोडलेले असतात. दिवसा घराची गरज भागवून उरलेली वीज नेट मीटरमधून बाहेर जाते आणि रात्री तेवढीच वीज आपण परत घेतो. येथे वीज कंपनीचे जाळे हीच आपली पेढी असते. दिवसा जमा, रात्री खर्च आणि महिन्याच्या शेवटी हिशेब.

या संचातील इन्व्हर्टरला आपल्या विजेची लय बाहेरच्या विजेच्या लयीशी जुळवून घ्यावी लागते. बाहेरची वीज गेली की ही लयच नाहीशी होते. त्याहून महत्त्वाचे कारण म्हणजे त्या वेळी कोणीतरी वायरमन खांबावर चढून दुरुस्ती करीत असतो. आपल्या गच्चीवरील वीज जर त्या तारांत जात राहिली, तर तार बंद आहे असे समजून तिला हात लावणाऱ्या त्या माणसाच्या प्राणांवर बेतेल. म्हणून बाहेरची वीज जाताच इन्व्हर्टरने तत्काळ बंद झालेच पाहिजे, असा नियम आहे. तेव्हा भर दुपारी लख्ख ऊन असूनही संच थांबतो, तो दोष नसून दुसऱ्याच्या जीविताचे रक्षण करणारी व्यवस्था आहे. ही एक गोष्ट समजून घेतली तर निम्मे गैरसमज दूर होतात.

वीज गेल्यावरही घर चालू राहावे अशी इच्छा असेल तर 'हायब्रीड' इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. हा इन्व्हर्टर बाहेरची वीज जाताच घराला बाहेरच्या तारांपासून वेगळे करतो आणि बॅटरी व पॅनेल यांच्या आधारे घरातील ठरावीक उपकरणे चालू ठेवतो. तिसरा प्रकार 'ऑफ-ग्रिड' म्हणजे बाहेरच्या जोडणीशिवाय चालणारा. तो मळ्यातील वस्तीसाठी किंवा तारा न पोहोचलेल्या ठिकाणासाठी योग्य होय.

साठवणीचे दोन मार्ग

वीज साठवणे ही कल्पना नवी नाही. अहिल्यानगर व ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवरील घाटघर येथे १२५ मेगावॅटची दोन यंत्रे असलेला उदंचन प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. विजेची मागणी कमी असताना खालच्या धरणातील पाणी वरच्या धरणात चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज निर्माण करायची, अशी ही योजना आहे. बॅटरी हेच काम रसायनांच्या साहाय्याने घरातल्या कोपऱ्यात करते. गुजरातेतील सूर्यमंदिरासाठी प्रसिद्ध असलेले मोढेरा हे गाव ऑक्टोबर २०२२ मध्ये चोवीस तास सौरविजेवर चालणारे गाव म्हणून घोषित झाले. तेथे एक हजाराहून अधिक घरांच्या छपरांवर पॅनेले तर आहेतच, परंतु रात्रीसाठी १५ मेगावॅट-तास, म्हणजे १५ हजार युनिट क्षमतेची बॅटरीही आहे.

घरासाठी आज दोन प्रकारच्या बॅटऱ्या उपलब्ध आहेत. पहिली आपल्या सर्वांच्या परिचयाची, शिसे व आम्ल यांची. गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शोधलेल्या या बॅटरीचे 'ट्यूब्युलर' रूप २००५ नंतरच्या भारनियमनाच्या काळात महाराष्ट्रातील असंख्य घरांत आले. दुसरी लिथियमची. लिथियम-आयन बॅटरीच्या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांतही घरासाठी लिथियम-आयर्न-फॉस्फेट हा उपप्रकार अधिक योग्य मानला जातो, कारण तो इतर लिथियम प्रकारांच्या तुलनेने उष्णता अधिक सहन करतो व सहजासहजी पेट घेत नाही.

दोहोंतील फरक व्यवहाराच्या भाषेत असा सांगता येईल. शिशाच्या बॅटरीतील वीज निम्म्याहून अधिक वापरली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. लिथियममधील ८० टक्के वीज निर्धास्तपणे वापरता येते. शिशाची बॅटरी साधारण चार ते सहा वर्षे चालते. लिथियम-फॉस्फेटची चांगली बॅटरी चार ते सहा हजार वेळा भरून रिकामी करता येते, म्हणजे दहा वर्षांहून अधिक काळ टिकू शकते. शिशाच्या बॅटरीत वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते आणि भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडत असल्याने ती हवेशीर जागीच ठेवावी लागते. लिथियमला पाणी लागत नाही, मात्र तिच्यावर सतत देखरेख करणारे नियंत्रक मंडल चांगल्या प्रतीचे असणे अत्यावश्यक आहे. आरंभीचा खर्च लिथियमचा अधिक आणि शिशाचा कमी.

आधी गरज मोजावी

बॅटरी किती मोठी घ्यावी? दुकानदाराला हा प्रश्न विचारण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन घरच्या सर्वांनी एकत्र बसावे, अशी माझी विनंती आहे. वीज नसताना कोणती उपकरणे खरोखर चालू राहिली पाहिजेत, तेवढीच लिहावीत. एका मध्यम कुटुंबाचा एका रात्रीचा हिशेब मी आपणांसमोर मांडतो.

नऊ वॅटचे चार दिवे पाच तास, म्हणजे १८० वॅट-तास. तीस वॅटचे तीन बी.एल.डी.सी. पंखे आठ तास, म्हणजे ७२० वॅट-तास. मध्यम आकाराच्या फ्रिजला रात्रीपुरते अंदाजे ५००. दूरदर्शन संच ८० वॅटचा, तीन तास, म्हणजे २४०. इंटरनेटचे यंत्र बारा तास, १२०. चार मोबाईल, ६०. एकूण बेरीज १८२० वॅट-तास, म्हणजे १.८२ युनिट. इन्व्हर्टरमध्ये साधारण दहा टक्के वीज खर्ची पडते, ती धरून बॅटरीतून सुमारे दोन युनिट बाहेर यावे लागतील.

लिथियमच्या ८० टक्के वापराच्या हिशेबाने अडीच युनिटची बॅटरी पुरेल. शिशाच्या ५० टक्क्यांच्या हिशेबाने चार युनिटची लागेल. बारा व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या एका बॅटरीत १.८ युनिट असतात, म्हणून तशा दोन थोड्या अपुऱ्या पडतील आणि २०० अँपिअर-अवरच्या दोन घ्याव्या लागतील.

याच हिशेबात एक बदल करून पाहू. बी.एल.डी.सी. पंख्यांऐवजी ७५ वॅटचे जुने पंखे धरले तर ७२० च्या जागी १८०० वॅट-तास लागतात. केवळ तीन पंख्यांमुळे एक युनिटहून अधिक भर पडते आणि तेवढी मोठी बॅटरी विकत घ्यावी लागते. म्हणजे प्रथम पंखे बदलणे हे बॅटरी वाढवण्यापेक्षा स्वस्त पडते. गरजा मर्यादित ठेवण्याचा जो संस्कार आपल्याला लहानपणापासून मिळतो, त्याचा लाभ विजेच्या हिशेबात असा रोख स्वरूपात दिसतो.

दोन हजार वॅटचा गिझर एक तास चालवला तर वरील संपूर्ण रात्रीची वीज संपते. म्हणून गिझर, इस्त्री, वातानुकूलन आणि पाण्याची मोटर ही उपकरणे बॅटरीच्या जोडणीवर घेऊ नयेत. मोटर तर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते आणि लहान इन्व्हर्टर तेथेच बंद पडतो. आंघोळीच्या पाण्यासाठी सौर बंब हाच सरळ उपाय होय. पाण्याची टाकी सकाळी अकरानंतर उन्हाच्या वेळात भरावी. आपल्यातील ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळला जातो, तेथे मिक्सर, विजेची शेगडी व स्वयंपाकघरातील दिवे यांचा बराचसा वापर उजेडातच उरकतो. अशा घरांना रात्रीसाठी साठवण तुलनेने कमी लागते.

आता आरंभी उल्लेखिलेल्या प्राणवायूच्या यंत्राचा विचार करू. पाच लिटर क्षमतेचे असे यंत्र सुमारे ३५० वॅट घेते. आठ तासांना २.८ युनिट झाले. ते वरच्या यादीत मिळवले तर एकूण गरज ४.६२ युनिटवर जाते आणि लिथियमची बॅटरी सुमारे साडेसहा युनिटची घ्यावी लागते. ज्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी त्या खोलीची जोडणी स्वतंत्र करून घ्यावी, वीज जाण्याची वाट न पाहता मुख्य स्विच बंद करून महिन्यातून एकदा चाचणी घ्यावी आणि भरलेला प्राणवायूचा सिलिंडर तरीही घरात ठेवावा. यंत्रावर विश्वास असावा, परंतु एकाच यंत्रावर जीव टांगून ठेवू नये.

बॅटरी परवडते का?

हा प्रश्न आपला व्यापारी समाज विचारणारच आणि त्याने तो विचारलाच पाहिजे. उत्तरासाठी एक सोपे गणित आहे. बॅटरीची किंमत भागिले तिच्या आयुष्यात तिच्यातून मिळणारे एकूण युनिट.

समजा, एका बॅटरीला एक लाख रुपये पडले. तिच्यातून एका वेळी चार युनिट मिळतात आणि ती पाच हजार वेळा वापरता येते. म्हणजे एकूण वीस हजार युनिट आणि प्रत्येक युनिटच्या साठवणीचा खर्च पाच रुपये. मात्र यासाठी ती बॅटरी रोज वापरली गेली पाहिजे. आता समजा, आपल्या गावी वर्षातून तीसच दिवस दीर्घ काळ वीज जाते. बारा वर्षांत ३६० वेळा वापर झाला, म्हणजे १४४० युनिट मिळाले. आता प्रत्येक युनिटची साठवण सुमारे ६९ रुपयांना पडली!

यावरून बॅटरी घेऊ नये असा निष्कर्ष मी काढत नाही. वीज बिल कमी करण्याचे काम पॅनेल व नेट मीटर करतात. आपल्या दरपत्रकात वापर वाढेल तसा युनिटचा दर चढत जातो, त्यामुळे सौरवीज प्रथम सर्वांत महाग युनिट वाचवते आणि गुंतवणूक काही वर्षांत वसूल होते. बॅटरीचे काम अडचणीच्या वेळी आधार देण्याचे आहे. ती विम्यासारखी आहे आणि विम्याचा हिशेब कोणी नफ्यात करत नाही. घरी रुग्ण आहे, बोर्डाच्या परीक्षेचा विद्यार्थी आहे, घरूनच संगणकावर काम चालते, औषधांच्या दुकानात लसी थंड ठेवायच्या आहेत किंवा वीज वारंवार जाते, तर बॅटरी अवश्य घ्यावी व गरजेपुरतीच घ्यावी. ज्यांच्याकडे वीज महिन्यातून एखादा तास जाते, त्यांनी आधी साधा ऑन-ग्रिड संच बसवावा. पुढे बॅटरी जोडण्याचा विचार असेल तर सुरुवातीलाच हायब्रीड इन्व्हर्टर घेणे हिताचे ठरते, म्हणजे इन्व्हर्टरचा खर्च दोनदा होत नाही.

पावसाळा, चातुर्मास आणि महापूर

कृष्णा-पंचगंगेच्या काठी राहणाऱ्या आपणा सर्वांना या विषयाची आणखी एक बाजू पाहावी लागते. पावसाळ्यात सौरउत्पादन सर्वांत कमी असते. दाट ढगांच्या दिवशी नेहमीच्या चौथा हिस्साही मिळेलच असे नाही. नेमक्या याच काळात वादळवाऱ्याने वीज जाते आणि याच काळात चातुर्मासानिमित्त आपल्या मंदिरांत व धर्मशाळांत लोकांची ये-जा वाढते. तेव्हा बॅटरीचा हिशेब चैत्रातील उन्हावर न करता आषाढातील ढगांवर करावा. हायब्रीड इन्व्हर्टरमध्ये बॅटरीत नेहमी ठरावीक भाग राखून ठेवण्याची सोय असते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत हा राखीव भाग वाढवून ठेवावा आणि आकाश भरून आले की बाहेरच्या विजेवर बॅटरी पूर्ण भरून घ्यावी.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर आपण विसरू शकत नाही. शिरोळ, करवीर, पलूस, मिरज या तालुक्यांतील गावेच्या गावे पाण्याने वेढली गेली. वीज उपकेंद्रांत पाणी शिरले आणि सुरक्षिततेसाठी अनेक ठिकाणचा पुरवठा कित्येक दिवस बंद ठेवावा लागला. वरच्या मजल्यावर अडकलेल्या कुटुंबाला त्या वेळी एक दिवा आणि चालू असलेला मोबाईल एवढाच बाहेरच्या जगाशी दुवा होता. पूरक्षेत्रातील घरांसाठी म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की, इन्व्हर्टर व बॅटरी तळमजल्यावर, जिन्याखाली किंवा तळघरात कधीही बसवू नयेत. २०१९ च्या पाण्याची रेषा ज्या भिंतीवर दिसते, तिच्याहून बऱ्याच उंचीवर त्यांची जागा असावी. पाणी घरात शिरण्याची चिन्हे दिसताच तळमजल्याची जोडणी बंद करावी. पाण्यात बुडालेली बॅटरी किंवा इन्व्हर्टर, वाळल्यानंतरही, जाणकाराने तपासल्याशिवाय चालू करू नये.

बसवताना घ्यावयाची काळजी

पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे असावे. आपला अक्षांश साधारण सतरा अंशांचा असल्याने कलही जवळपास तेवढाच ठेवतात. सावलीकडे विशेष लक्ष द्यावे. पॅनेले एकमेकांना साखळीसारखी जोडलेली असतात, त्यामुळे एकावर पडलेली टाकीची किंवा नारळाच्या झाडाची सावली संपूर्ण साखळीचे उत्पादन घटवू शकते. सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळात गच्चीवर सावली कशी फिरते ते स्वतः पाहावे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो आणि सावल्या लांबतात, हेही लक्षात घ्यावे.

सांगाडा गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचा व भक्कम असावा. वळवाच्या वाऱ्यात पॅनेल उडून शेजाऱ्याच्या कौलांवर पडले, तर त्याची जबाबदारी आपलीच असते. अर्थिंग आणि वीजरोधक यांत काटकसर करू नये. ऊन असेपर्यंत पॅनेलच्या तारांत वीज असतेच, घराचा मुख्य स्विच बंद केला तरीही. म्हणून गच्चीवरच्या तारांना मुलांनी हात लावू नये, उघड्या जोडांवर पाणी मारू नये आणि आग लागल्यास अग्निशामक दलाला छपरावर सोलर असल्याचे प्रथम सांगावे. बॅटरी झोपण्याच्या खोलीत किंवा बाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर ठेवू नये. तिच्यावर थेट ऊन पडू देऊ नये, कारण उष्णतेने तिचे आयुष्य घटते.

धूळ साचली की उत्पादन घटते. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी सकाळी लवकर, पॅनेल थंड असताना, साध्या पाण्याने व मऊ फडक्याने ती पुसावीत. पॅनेलच्या उत्पादनाची हमी साधारण पंचवीस वर्षांची असते, परंतु इन्व्हर्टर दहा वर्षांच्या आसपास बदलावा लागतो. तो खर्च आजच गृहीत धरावा. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये. शिसे व आम्ल ओढ्यात किंवा शेतात गेले तर माती, पाणी आणि त्यांतील जीवसृष्टी यांना घातक ठरते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवी घेताना जुनी परत देऊन तिची पावती घ्यावी.

शासकीय योजना

केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना सुरू केली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट असलेल्या या योजनेसाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली. पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्यासाठी १८ हजार, असे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान तीत ठरवलेले आहे. गृहनिर्माण संस्थांना जिन्यातील दिवे, पाण्याची मोटर व उद्वाहन यांसारख्या सामायिक वापरासाठी प्रति किलोवॅट १८ हजार रुपयांची तरतूद आहे. हे अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर मिळते. बॅटरीचा खर्च आपणच करावयाचा आहे, हे विक्रेत्याशी बोलताना ध्यानात ठेवावे.

अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करावा लागतो. २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीची वाट पाहावी लागत नाही. त्यानंतर नोंदणीकृत विक्रेत्याकडून संच बसवणे, नेट मीटर लावणे, तपासणी आणि शेवटी अनुदान बँक खात्यात जमा होणे, असा क्रम आहे. मीटरचा स्थिर आकार मात्र बिल कितीही कमी झाले तरी भरावाच लागतो. 'बिल शून्य' अशी जाहिरात कोणी केली तर हे आठवावे. विक्रेत्याकडून पॅनेल, इन्व्हर्टर व बॅटरी यांच्या हमीचे स्वतंत्र कागद घ्यावेत आणि अनुदानाची रक्कम वजा करण्याआधीची पूर्ण किंमत लेखी मागावी.

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे छोटेसे गाव २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून घोषित झाले. डोंगराळ भागातील लहान वस्तीने एकजुटीने जे केले, ते आपल्यासारख्या संघटित समाजाला अवघड नाही. दहा-बारा कुटुंबांनी मिळून एकत्र चौकशी केली तर दर चांगला मिळतो, कामाचा दर्जा तपासायला एकच जाणकार पुरतो आणि पुढील देखभालीसाठी विक्रेताही बांधील राहतो. वसतिगृह, धर्मशाळा व सभागृह यांच्या छपरांचाही विचार व्हावा. तेथे एक मध्यम आकाराची बॅटरी असेल, तर पुराच्या किंवा वादळाच्या दिवसांत गावातील कोणत्याही जाती-धर्माच्या माणसाला दिवा, मोबाईल आणि रुग्णाच्या यंत्रापुरती वीज तेथे मिळू शकेल.

बंधू-भगिनींनो, आपण मला शांतपणे ऐकून घेतलेत, हिशेबाचे आकडेही ऐकून घेतलेत. घरी गेल्यावर प्रत्येकाने दोनच गोष्टी कराव्यात, अशी नम्र विनंती करतो. गेल्या बारा महिन्यांची वीज बिले एकत्र काढून आपला वापर पाहावा आणि वीज नसलेल्या रात्री घरात काय चालू राहिलेच पाहिजे याची यादी घरातील ज्येष्ठांना विचारून तयार करावी. पॅनेल किती व बॅटरी किती, याचे उत्तर त्या दोन कागदांत सापडेल. ज्यांना त्या कागदांवर माझ्याशी चर्चा करावीशी वाटेल, त्यांच्यासाठी मी कार्यक्रमानंतर येथेच थांबणार आहे.